संपादकबाईंचं भिंग आणि शेजारचं फाटक

मी एक भिंग बोलतोय. पितळी कडं, लाकडी मूठ आणि नको तिथे नाक खुपसायची सवय. आधी घड्याळजीकडे होतो. तिथे नुसती चाकं बघायची. मग एका छोट्या वर्तमानपत्राच्या संपादकबाईंकडे आलो आणि माझी चैन झाली.

बाई वर्षभर आरोग्यमंत्र्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. एक दिवस फोटो आला: मंत्र्यांच्या गल्लीत, बंगल्यासमोर टेम्पोतून खाटा उतरताहेत. बाईंनी मला खाटांवर धरलं. सरकारी दवाखान्याचा शिक्का! त्या अशा हरखल्या, की फोटोच्या कडेला मला न्यायचंच विसरल्या. मी आपला तळमळतोय.

फोटो पहिल्या पानावर झळकला. दुपारी मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी मला सहज फोटोच्या कडेला सरकवलं.

"बाई, फाटकावर लोखंडी मासा आहे हो. हे मंत्र्यांचं फाटक नाही, शेजारच्या ठेकेदाराचं."

"नीट बघा, काका."

"तीनदा बघितलं."

बाईंचा नियम होता: चूक ज्या पानावर, जेवढ्या मोठ्या अक्षरांत, दुरुस्तीही तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

"या खेपेला आतल्या पानावर टाकू," काका म्हणाले. "नाहीतर मंत्री आपली सालटी काढतील. मग आपलं ऐकणार कोण?"

"नियम मीच केला ना? तेव्हा फार शहाणी होते मी," बाई पुटपुटल्या. पण पहिल्या पानावरच छापलं: 'आम्ही चुकलो. खाटा मंत्र्यांकडे नाही, शेजारच्या ठेकेदाराकडे उतरल्या.'

सकाळीच मंत्र्यांचा फोन. "काय बाई, चष्मा बदला आता!" हसणं मलाही ऐकू आलं.

"बदलते, साहेब."

दुपारी ठेकेदार घामाघूम होऊन आला. "अहो, तुम्ही तर सगळं माझ्याच गळ्यात घातलंत! मी एकटा का मरू?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. मंत्र्यांच्या नावाचा छापील कागद. 'खाटा तूर्त तुझ्याकडे ठेव' आणि खाली सही.

बाईंनी मला उचललं. या खेपेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरलो. तारीख, सही, चहाचा डागसुद्धा सोडला नाही.

"काका, आता तुम्ही बघा. माझा मला भरवसा नाही."

चिठ्ठी छापली, खाटा दवाखान्यात परतल्या. मंत्री मात्र अजून मंत्रीच आहेत, आणि बाई अजून त्यांच्या मागे.

माझ्या काचेवर आता चरे पडलेत. नवं भिंग आणायचं चाललंय. खुशाल आणा. फक्त त्याला पहिल्यांदा धराल, तेव्हा फोटोच्या मधोमध धरू नका. कडेपासून सुरुवात करा.