गिरिजाबाईंचा हुकूम

हवालदार तात्यारावांनी वीस वर्षं महूला जवानांकडून कवायत करून घेतली. आता पार्किन्सनमुळे त्यांचे स्वतःचेच पाय ऐकेनात. चालता चालता उंबऱ्याशी तळवे जमिनीला चिकटायचे. माया आंधळी असते म्हणतात ते खोटं नाही. गिरिजाबाई हात धरून ओढायच्या आणि ते आणखीच अडायचे.

व्यायामाच्या वर्गातल्या संहिता मॅडमनी त्यांना लगेच टोकलं. "आंटी, ओढू नका ना, बॅलन्स जातो. बस, ताल द्या. एक-दो, एक-दो. अंकल फौजी आहेत, तर ऑर्डर द्या!"

ऑर्डर! चाळीस वर्षांच्या संसारात गिरिजाबाईंनी नवऱ्याला कधी आवाज चढवून 'उठा'सुद्धा म्हटलं नव्हतं. तरी दारं-खिडक्या लावून त्या शिकल्या. 'तेज चल' म्हटलं की पाऊल सुटायचं. मात्र 'थम' म्हणायला उशीर झाला, तर गडी थेट भिंतीवर. हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तात्यारावांची सक्त ताकीद होती.

आणि मारुती गेला. एकाच पलटणीतला जिवाचा दोस्त, पोलोग्राउंडमागच्या गल्लीत दोन घरं सोडून राहणारा.

"व्हीलचेअर नको. त्याच्यापुढे मी आपल्या पायांनी जाईन," तात्याराव पुटपुटले. हल्ली आवाजही खोल गेला होता.

मारुतीच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटली होती. फाटकातच तात्यारावांचे पाय अडले.

"भिया, अंकलना पकडा जरा!" कुणीतरी म्हणालं. दोघं पुढे झाले. तात्यारावांचे डोळे भरून आले, आणि गिरिजाबाईंना ते बघवेना. लाज गेली खड्ड्यात.

"कोई हात नहीं लगाएगा!" त्या ओरडल्या. "तेज चल! एक-दो, एक-दो... थम!"

माणसांनी वाट दिली. तात्याराव मित्राच्या पायाशी ताठ उभे राहिले. त्यांनी सलाम केला. पण मग तिथून ते हलेनात. न्यायची वेळ झाली होती, खांदेकरी ताटकळले होते. गिरिजाबाईंनी तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला.

मारुतीची बायको लीला उशाशी बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती उठून उभी राहिली. पलटणीच्या क्वार्टरमध्ये राहून तिनंही हे हुकूम जन्मभर ऐकले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "पीछे मुड़."

तात्याराव वळले. मग लोकांनी मारुतीला उचललं.