नावाला हजर

संचिताने अलार्मची फाइल पेन ड्राइव्हवर उचलून ठेवली, मूळ जागेवरून पुसून टाकली आणि चाचणी पुन्हा चालवली. आता लाल अक्षरं यायला हवी होती. फाइलच नाही म्हटल्यावर दुसरं काय येणार? पण पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच शब्द आला : हजर.

तिने फोल्डर उघडून पाहिलं. रिकामं होतं.

चाचणीला ‘हजेरी’ हे नाव तिनेच हौसेने दिलं होतं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गाळ्यात डायलिसिसच्या जुन्या मशिनींना जोडायचा एक डबा बनत असे. सुई निसटून नळीतला रक्ताचा दाब अचानक उतरला, की डब्याने कोकलायचं, एवढंच त्याचं काम. डब्यातला मुख्य प्रोग्राम पायथनमधला. भोंगा वाजवण्याचं काम मात्र एका वेगळ्या फाइलीकडे, म्हणजे लायब्ररीकडे. प्रोग्राम सुरू झाला, की तिला नावाने हाक मारायचा आणि ती येऊन जोडली जायची. जोडली गेली, की चाचणी म्हणायची हजर. आलेली नक्की कोण आहे आणि तिला तोंड आहे का, हे विचारायचं संचिताला कधी सुचलंच नव्हतं.

"झालं का?" नीलेश सरांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. गाळ्याचे मालक तेच. "तो माणूस कधीचा बसलाय. सेंटरला लेटर द्यायचंय, अलार्म टेस्ट करून ओके होता म्हणून. तुझी सही लागेल."

"पाच मिनिटं, सर."

तो माणूस म्हणजे स्वप्नील. डायलिसिस सेंटरवर अकरा वर्षं टेक्निशियन. नऊ दिवसांपूर्वी त्याच्या पाळीत मुर्धा गावच्या आत्माराम म्हात्र्यांच्या हातातली सुई निसटली. रक्त गादीत जिरत राहिलं, अलार्म वाजला नाही, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत म्हातारा गेला. कंपनी म्हणते अलार्म चांगला, म्हणजे टेक्निशियनने बंद केला असणार, असं ठरवून सेंटरने स्वप्नीलला घरी बसवलं. आणि कंपनीचं लेटर आणायला पुन्हा त्यालाच पाठवलं. इतकी कमालीची निर्लज्ज माणसं असतात.

संचिताने चाचणीत एक ओळ वाढवली : जी लायब्ररी आली, ती कुठून आली ते सांग. उत्तरात सिस्टिमच्या फोल्डरचा पत्ता आला आणि गेल्या वर्षीची तारीख.

ती ‘मुकी’ होती. गेल्या वर्षी चाचण्यांमुळे दिवसातून शंभर वेळा भोंगा वाजायचा. सरांचे कान किटले, शेजारच्या गाळ्यातले भांडायला आले. म्हणून संचितानेच त्याच नावाची दुसरी लायब्ररी बनवली. तिच्यात सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. ऑफिसात सगळे तिला मुकी म्हणत. डबे बाहेर जाण्याआधी ती काढायची होती. "असू दे, पुढच्या वेळी लागेल," असं संचिताच म्हणाली होती.

तिने टेबलावरच्या मूळ डब्यात खरी फाइल परत जागेवर ठेवली आणि चाचणी चालवली. तरी मुकीच आली. हाक मारली, की सिस्टिमच्या फोल्डरचा नंबर आधी लागत होता. सेंटरवर डबा बसवताना बटण दाबून भोंगा वाजवून दाखवत, पण ते बटण लायब्ररी वगळून थेट भोंग्याला जोडलेलं होतं.

ती केबिनमध्ये गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. नीलेश सरांनी टेबलावरचं लेटर पुढे ओढलं.

"लेटरमध्ये खोटं काय आहे?" ते म्हणाले. "टेस्ट पास आहे ना?"

"टेस्टच खोटी आहे, सर."

"अठरा माणसं आहेत इथे. आणि पोलिसांत पहिलं नाव कुणाचं जाईल, कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती. मुकी पुसून टाकायला एक ओळ पुरली असती. मग सही करून ती चार वाजता चहा प्यायली असती. हा विचार मनात आला, याची तिला शरम वाटली, पण तो आला होता. सरांनी लेटर तिच्यासमोर सरकवलं. ते तसंच हातात घेऊन ती बाहेर आली.

स्वप्नील खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मॅडम, माझा जबाब पण लिहून आणलाय. जरा बघता का? टेक्निकल काही चुकलं असेल तर."

सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : अलार्म माझ्या हातून अनवधानाने बंद झाला असावा.

"तुम्ही बंद केला होता?"

"आठवत नाही. आधी मी नाहीच म्हणत होतो." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण अलार्म ओके होता म्हणतात सगळे. मग मीच केला असणार ना? हात सवयीने जातो कधीकधी."

"नाही," संचिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुम्ही काही केलं नाही. तो वाजणारच नव्हता. चूक माझी आहे."

तो ओरडेल, निदान रडेल, असं तिला वाटलं. मागे केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. स्वप्नीलने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पावणेबारा वाजत होते.

"फक्त त्याच डब्यात आहे हे?"

"नाही. सगळे एकाच मूळ डब्यावरून कॉपी..."

तिचं वाक्य पुरं होण्याआधी त्याने फोन लावला होता.

"हॅलो, शेवंती सिस्टर? स्वप्नील. पेशंटची दुसरी बॅच लागली का? तीन नंबरवर हंसाबेन आहेत ना, त्या हात फार हलवतात. पांघरुणं काढा सगळ्यांची. सुया दिसू देत. अलार्म वाजणार नाही, सिस्टर... अहो, ऐका तरी."

पलीकडून बराच वेळ कुणी बोलत होतं. स्वप्नीलचा चेहरा उतरला. त्याने फोन संचितापुढे धरला.

"माझं ऐकत नाहीये ती. म्हणतेय, अलार्म ओके आहे, कंपनीने सांगितलंय."

संचिताने फोन कानाला लावला.

"कोण बोलतंय?" पलीकडून करडा आवाज आला.

"कंपनीत ज्या बाईने अलार्म ओके केला, ती मीच," संचिता म्हणाली. "ते सांगतायत ते करा. आत्ता करा."