ओठाला अडलेलं नाव

आटपाडीच्या बाजूच्या त्या वाडीतून गेल्या काही वर्षांत जेवढ्या पोरी लग्न होऊन गेल्या, त्या सगळ्यांचे उखाणे उत्कर्षाने रचले होते. लग्न ठरलं की पोरगी पेढे घेऊन तिच्याकडे यायची, होणाऱ्या नवऱ्याचं नाव सांगायची आणि उखाणा घेऊन जायची. एकीच्या डोहाळजेवणात तर उत्कर्षाने तिच्या नवऱ्याचं घोरणंसुद्धा यमकात बसवलं आणि जमलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. फक्त एवढंच, की त्यातला एकही उखाणा कुणी तिच्या स्वतःच्या तोंडून ऐकला नव्हता.

उत्कर्षा बोलताना अडखळायची. 'ज'वर तर हमखास. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव तोतरी ठेवलं आणि त्यांची अक्कल तिथेच संपली. हिने मात्र तोड काढली. एक शब्द अडला की ती दुसरा शोधायची. जत्रेला उरूस म्हणायची, जुन्याला म्हातारं म्हणायची. आईला 'जेवलीस का' असं तिने कळायला लागल्यापासून कधी विचारलंच नाही, 'भाकरी खाल्लीस का' विचारायची. असं करता करता एकेका गोष्टीला तिच्याकडे चार-चार शब्द जमले, आणि एवढे शब्द घेऊन माणूस करणार काय? ती कविता करू लागली. लोक म्हणायचे, देवाने तोतरेपणाच्या बदल्यात तिला ही कला दिली. देवाचा काडीचा संबंध नव्हता. ती मेहनत पोरीची होती.

आणि नवरा मिळाला तो नेमका जयराज. आता नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?

जयराज लोणंदचा, शिरवळच्या एका कंपनीत कामाला होता. बघायला आला तेव्हा त्याने विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" उत्कर्षाने तोंड उघडलं आणि शब्द अडला. शेजारी बसलेली तिची आई, विजयमाला, लगेच बोलली, "कविता आवडत्यात तिला." लेकीचा शब्द अडला की पुरा करायचा, ही तिची जुनी सवय. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तीच बोलायची. मायेनेच बोलायची, पण लेकीला तोंड म्हणून ठेवायची नाही.

"त्यांना सांगू द्या की, काकी," जयराज म्हणाला आणि थांबला. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली, तरी थांबला. उत्कर्षाने होकार दिला तो त्या सायीवर.

पण तेव्हापासून लग्नापर्यंत फोनवर ती त्याला 'अहो'च म्हणत आली. जो माणूस तिच्यासाठी थांबला, त्याचं नाव एकदा तरी आपल्या तोंडाने घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

विजयमालेने मात्र बंदोबस्त करून ठेवला. सासरच्या दारात नवरीने उखाण्यात नाव घेतल्याशिवाय नणंद आत सोडत नाही. म्हणून तिने पाठराखीण म्हणून बरोबर जाणाऱ्या पूजाला, उत्कर्षाच्या चुलत बहिणीला, पढवलं. "तिच्या मागं उभी ऱ्हा आन् उखाणा तूच म्हण. तिच्या तोंडावर पदर असतोय, कोण बघतंय?" उत्कर्षाने गुमान एक उखाणा रचून पूजाला पाठ करायला दिला. म्हणजे स्वतःच्या लग्नातही तिचा उखाणा दुसरीच म्हणणार होती. तिला आईचा राग आला आणि दयाही आली. त्या रागातच तिने आणखी एक उखाणा रचला आणि तो कुणाला सांगितला नाही.

लग्न लागलं, वरात लोणंदला पोचली. उंबऱ्यावर धान्याने भरलेलं माप ठेवलं होतं. नणंद अंकिता दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "वहिनी, नाव घ्या, न्हाईतर मुक्काम अंगणात!"

बायका हसल्या. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "ऱ्हाऊ दे गं अंकिता, सोड तिला. तिला जमत न्हाई."

त्यांनी ते प्रेमाने म्हटलं, हे उत्कर्षाला कळलं. तरीही तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मागून पूजाने घसा खाकरला. उत्कर्षाने हात मागे नेऊन तिला असा काही चिमटा काढला, की पूजाचा उखाणा तोंडातच राहिला. मग उत्कर्षाने पदर मागे सारला आणि सरळ अंकिताकडे बघून बोलायला लागली.

"बांधाला अडतं पाणी, भरलं की निघतं शेताला,
ओठाला अडतं नाव, थांबा थोडं, घाई कशाला?"

दोन्ही ओळी तालात सरळ गेल्या. मग नाव आलं, आणि अडलं.

"ज..."

पुढे काही येईना. मान ताठ झाली, ओठ थरथरले. चुलत सासू बनुबाईंनी मदतीला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आताच तर तिने थांबा म्हणून सांगितलं होतं, ते मोडायचं कसं? बँडवाला वाजवता वाजवता गप्प झाला. जयराज शेजारी उभा होता. तो तिच्याकडे बघत राहिला, ओठ हलवून सुचवलंसुद्धा नाही. अख्खं अंगण एका पोरीच्या एका अक्षरासाठी खोळंबलं होतं, आणि उत्कर्षाला आयुष्यात पहिल्यांदा अडल्याची लाज वाटत नव्हती.

"ज... ज... जयराजरावांच्या संगं आले मी ह्या दाराला!"

अंगणात एकच गलका उठला. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. अंकिताचे पसरलेले हात कधीच खाली आले होते. "वहिनी, परत एकदा घ्या की," ती म्हणाली.

उत्कर्षाने परत घेतलं. परत तिथेच अडली, आधीपेक्षा जास्तच, आणि सगळे परत थांबले. मग तिने उजव्या पायाने माप ओलांडलं.

संध्याकाळी विजयमालेचा फोन आला. पूजाने उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

"नीट म्हणलीस न्हवं गं उखाणा?"

"मी कुठं म्हणला, काकू? तिनंच नाव घेतलं."

पलीकडून हळूच, "अडली का गं?"

"अडली की! लय अडली. समदी वरात दारात उभी केली तिनं," पूजा म्हणाली. तिच्या आवाजात असा तोरा होता, जणू तिनेच किल्ला सर केला होता.

उत्कर्षाने फोन हातात घेतला. "आई, ज..."

शब्द अडला. विजयमालेला पुढचा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. आईला तो पटकन कळतो. पण पलीकडून फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला. ती थांबली होती.

"...जेवलीस का?"