हुलासीचा खांदा

"सेठांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, मग मी उंट वळवत नाही," सादूळ म्हणाला आणि त्याने आपला उंट शेजारच्या उंटावरच्या पडदेबंद बैठकीला, कजाव्याला, अगदी खेटून आणला.

पडद्याआड हुलासीने नवऱ्याचं डोकं आपल्या उजव्या खांद्यावर दाबून धरलं. सेठ हरखचंद पहाटेच गेले होते, तिच्या मांडीवर, पाण्याचा घोट अर्धवट टाकून.

उमरकोटची पेढी आवरून दोघं जैसलमेरला परत निघाली होती. बरोबर हिंगाची पोती, इराणी रेशीम आणि राखणीला सादूळची हत्यारबंद माणसं. निघताना सादूळने सेठांच्या हातचं मीठ जिभेवर ठेवून त्यांना सुखरूप पोचवायची आण घेतली होती. आदल्या संध्याकाळी ताप चढला तेव्हा सेठ म्हणाले होते, "हुलासी, त्यानं मीठ माझं खाल्लंय. मी गेलो की तो मोकळा झाला, एवढं ध्यानात ठेव."

म्हणून पहाटे ती रडली नाही. म्हातारा उंटवाला रूघा रबारी तेवढा जाणत होता. दोघांनी मिळून सेठांना बसतं केलं, कमरेला आणि छातीला तिच्या एका जादा ओढणीने कजाव्याच्या दांड्याशी बांधलं. ऊन तापलं की काय होईल हे तिला ठाऊक होतं. तिने हिंगाचं एक पोतं आत ओढून फोडलं.

"सेठाणीजी, ऐकताय ना?" सादूळ पुन्हा म्हणाला. "माझ्या चुलतभावाची विहीर जवळ आहे. तिकडं मुक्काम करू. जनावरं दमलीत."

ती विहीर वाटेपासून दूर, वाळूच्या टेकड्यांमागे होती. तिकडे गेलेला काफिला कसा परततो, हे उमरकोटच्या बाजारात सगळे जाणून होते. हुलासी आजवर परपुरुषाशी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर रूघाच्या तोंडून सांगायची.

"रूघाजी," ती म्हणाली, "त्यांना सांगा, सेठांचा डोळा लागलाय. सरळ चला म्हणालेत."

"त्यांना काय विचारायचंय? मी बघतो की!" सादूळचा हात पडद्यावर आला. कापड ताणलं गेलं. त्याच्या बोटांचे चार उंचवटे तिच्या तोंडासमोर दिसले.

"हात काढा!" हुलासी थेट बोलली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. "आत बाईमाणूस बसलंय. तुमच्या घरच्या बायकांचा पडदा परक्यानं उचलला तर चालेल का, ठाकूर?"

बोटं थांबली. मग मागे गेली.

"बरं. पडदा राहू द्या. सेठांनी आतून एक शब्द बोलावा."

रूघाने उंटाचा दोर घट्ट धरला. हुलासीने डोळे मिटले. सेठांचा खोकला तिने लग्नापासून ऐकला होता. आधी कोरडी उबळ, मधे श्वास अडकल्यासारखा खंड, शेवटी घसा खरवडत ओढलेला खाकरा. तिने तोंडावर पदर धरला आणि ती खोकली. तंतोतंत तशी. मग लगेच आपल्या आवाजात कडाडली, "झालं समाधान? आजारी माणसाला बोलायला लावलंत ना? आता रात्रभर खोकत बसतील!"

सादूळ ओशाळून बाजूला झाला. "चला रे, सरळ," तो ओरडला.

दुपार कलताना डावीकडच्या टेकडीवर त्या विहिरीच्या बाजूनं आलेले उंटस्वार उभे राहिले. सादूळ एकटाच त्यांच्याकडे गेला. पडद्याच्या फटीतून हुलासीला दिसलं, तो बोलता बोलता मान वळवून कजाव्याकडे पाहत होता. नवऱ्याचं शरीर आता लाकडासारखं झालं होतं. प्रत्येक हेलकाव्याला त्याचा सगळा भार तिच्या अंगावर यायचा. ती पुन्हा खोकली. टेकडीपर्यंत जावं म्हणून जीव तोडून खोकली. घशात रक्ताची चव आली.

सादूळने स्वारांना हात आडवा हलवला. ते बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग टेकडीमागे उतरले.

दिवस मावळायच्या आत उंट जैसलमेरच्या वेशीतून आत शिरले. चौकात, माणसांच्या गर्दीत, रूघाने उंट बसवला.

"ठाकूर," आतून हुलासीचा घोगरा आवाज आला, "आता पडदा उचला."

सादूळने उचलला. हिंगाच्या भपकाऱ्याने तो आधी मागे सरला, मग वाकला, आणि तसाच राहिला.

"केव्हा?"

"पहाटे."

"म्हणजे माझी आण तेव्हाच फिटली होती."

"म्हणून तर सांगितलं नाही."

सादूळच्या माणसांपैकी कुणीतरी हसल्यासारखं केलं. सादूळने वळून त्याच्या थोबाडीत मारली. मग कमरेची तलवार सोडून रूघाच्या हातात दिली, ओढणीच्या गाठी सोडवल्या आणि सेठांना उचलून खाली घेतलं. घरापासून मसणवाटेपर्यंत त्याने तिरडीखालचा आपला खांदा कुणाला बदलू दिला नाही.

घरी बायका जमल्या. सासूने हंबरडा फोडला, नणंदेने हुलासीला मिठी मारली. कुणीतरी पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं. भिंतीपाशी जमिनीवर ती बसून होती, डोळे कोरडे, आणि अंग उंटाच्या चालीने मागे-पुढे, मागे-पुढे हलत होतं. सेठांचं डोकं टेकलेला उजवा खांदा तेवढा ती हलू देत नव्हती.

"रडू द्या तिला," बायका म्हणाल्या, "धरू नका."