एखादी खोड राहू दे

"काका, ह्या डब्यात पाणी कुणी घातलं?"

पिकअपच्या डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढून मेकॅनिकने विचारलं. त्याच्या हातात गाडीचा ईसीएम होता, म्हणजे इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा चपटा डबा. डब्याच्या कोपऱ्यातून त्याच्या शर्टावर पाणी ठिबकत होतं.

गादीवाले काका गॅरेजच्या छताकडे पाहू लागले. काकूंचं मात्र तसं नव्हतं. खोटं बोलायचं तर आधी विचार करावा लागतो, आणि तेवढा धीर त्यांना कधीच नव्हता.

"घातलं नाही रे, घड्या ठेवल्या," त्या म्हणाल्या. "ताप यायचा त्याला."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं, हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

झालं होतं असं. काका कारखान्यातल्या गाद्या घरोघरी पोचवायचे. पिकअप म्हातारी झाली होती. तापली की चालता चालता बंद पडायची, अर्धा तास रुसून बसायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. "आतला डबा तापतोय, त्याला गार ठेवा," असं कुणा ड्रायव्हरने सांगितलं. हा डबा शेजारच्या सीटसमोर, पायांपाशी. चालवणाऱ्याचा हात तिथे पोचणं शक्य नाही. तेव्हा काकूंनी जुना टॉवेल फाडला, बादलीत पाणी घेतलं आणि पोरांचे ताप जसे उतरवले तसाच गाडीचाही उतरवायला त्या स्वतः शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या गाडीत पाऊल टाकायच्या नाहीत. "तुमच्या गाडीतून उतरलं की हाडं मोजून घ्यावी लागतात," असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे गुण आला. निदान काही महिने तरी आला.

आणि काकांना एक नवीनच शोध लागला. घरात त्या दोघांचं बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "वाढ". गाडीत मात्र काकूंच्या तोंडाला खळ नसायचा. गादी पोचवायला कुणाच्या घरात गेल्या की दोन मिनिटांत सगळं टिपून यायच्या. "गादी एवढी महागाची घेतली, पण उशीचा अभ्रा बघितलात? पोतेरं बरं!" काकांना हसू आवरायचं नाही. तरीही कधी गाडी बंद पडलीच, तर दोघं मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांवर पाय लांब करून बसायची आणि थर्मासमधला चहा प्यायची. येणारेजाणारे वळून वळून बघायचे. काकांना वाटायचं, बघेनात का. इतकं बरं त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा वाटलं नव्हतं.

पण हल्ली गाडी दिवसातून चारदा रुसू लागली आणि कारखान्याच्या मालकाने शेवटचं सांगून टाकलं, "उद्या वसतिगृहाच्या गाद्या वेळेत गेल्या नाहीत, तर मी दुसरी गाडी लावीन. मग रागवायचं नाही."

म्हणून आज गॅरेज.

"हे बघा," मेकॅनिकने डब्याच्या पिना दाखवल्या. सगळ्या हिरव्या पडल्या होत्या. "आधी हा नुसता तापत होता. आता गंजलाय. रोग परवडला असता काका, पण हे औषध!"

"म्हणजे माझ्यामुळे?" काकूंचा चेहरा पडला.

"तुझ्यामुळे काही नाही," काका घाईघाईने म्हणाले. "त्याचं वय झालं होतं."

भंगारात काढलेल्या एका पिकअपमधून त्याच नंबरचा डबा मेकॅनिकने मिळवून ठेवला होता. त्याने बॅटरीची तार आधीच सोडली होती. आता दोन्ही डबे टेबलावर मांडून त्याने लॅपटॉप जोडला. जुन्यातली माहिती नव्यात उतरवली नाही, तर गाडी आपली चावीच ओळखत नाही. सुरू होते आणि लगेच मान टाकते, असं त्याने समजावलं. काकू तोंड धुवायला नळावर गेल्या. तेवढी संधी साधून काका त्याच्या कानाशी लागले.

"अगदी पूर्ण बरी नको करूस."

"काय?"

"एखादी खोड राहू दे. बारीकशी. शेजारी कुणीतरी बसावं लागेल, एवढीच."

मेकॅनिकने लॅपटॉपवरून मान वर केली. "काका, आजवर लोकांनी मला गाडी बिघडवली म्हणून शिव्या घातल्यात. नीट करू नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बरे आहात ना?"

काका ओशाळले. खरं कारण सांगायचं म्हणजे भलतंच. या वयात!

नवा डबा बसला, तार जोडली, चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. एवढी गुणी गाडी काकांनी आजवर दुसऱ्याकडेच पाहिली होती.

"सुटले बाई!" काकू म्हणाल्या.

ते काकांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघाले. गाडी कुठे अडली नाही की खोकली नाही. वसतिगृहाचा रखवालदार म्हणाला, "अरे वा, आज लवकर?" काकांना त्याचा रागच आला. त्या रखवालदाराची टोपी त्याच्या डोक्यापेक्षा दोन मापं मोठी होती, आणि हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. परतताना तर रस्ता संपता संपेना. करमत नाही म्हणजे काय, ते काकांना त्या दिवशी कळलं.

पुढचा माल भरायला जाण्याआधी त्यांनी गाडी घराकडे वळवली आणि दारात थांबवून आतूनच हाक मारली, "अगं, बंद पडली बघ गाडी!"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, शेजारच्या सीटवर चढल्या आणि वाकून त्यांनी नव्या डब्याला हात लावला. "गार आहे की. फिरवा बघू चावी."

काकांनी फिरवली. मेली लगेच सुरू झाली.

काकूंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"चालू आहे."

"हो."

"मग मला कशाला बोलावलंत?"

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "तू नसलीस की करमत नाही गाडीत," ते समोरच्या काचेला म्हणाले.

काकू खाली उतरल्या आणि घरात गेल्या. संपलं, काकांना वाटलं. आता रात्री "वाढू का" आणि "वाढ". ते गिअर टाकणार, इतक्यात घराच्या खिडक्या एकेक करून बंद होऊ लागल्या. मग दार ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुलूप लावल्याचा.

काकू येऊन बसल्या. काकांनी गिअर टाकून घाईघाईने क्लच सोडला आणि गाडी एक मोठा गचका खाऊन बंद पडली.

"आता हिला काय झालं?"

"हिला काही नाही," काका म्हणाले. "ही खोड माझी."