यल्लव्वाचं गोंदण

बेळगावहून येऊन बंगळुरात स्थिरावलेले जयसिंगराव आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, हवं ते वचन त्यांना क्षणात सापडायचं. सापडलं की ते पुस्तक मिटायचे.

अडुसष्ट सालची गोष्ट. मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या यल्लव्वाचा बाप्तिस्मा ठरला. रविवारी उपासनेनंतर तिनं पाळकांपुढे हात जोडले आणि कोपरापर्यंतचं हिरवं गोंदण दिसलं.

"अंगावर गोंदवू नये, असं शास्त्रात स्पष्ट आहे," जयसिंगराव म्हणाले. "आधी याचं काय ते ठरवा."

पाळक तरुण, नवे. त्यांनी बाप्तिस्मा पुढे ढकलला.

काही दिवसांनी जयसिंगरावांच्या पत्नी सकवारबाई यल्लव्वाकडे गेल्या. म्हातारी हाताला फडकं गुंडाळून बसली होती. पाय घासायच्या वजरीनं घासून घासून सालटी निघाली होती.

"लहानपणी आईनं जत्रेत गोंदवलंय, अक्का. जातच नाही," ती म्हणाली.

सकवारबाईंनी हळद-तेल लावलं. घरी आल्या त्या तडक शास्त्र उघडून बसल्या.

रविवारी संध्याकाळी मंडळी त्यांच्याच घरी प्रार्थनेला जमली. यल्लव्वा दाराशी जमिनीवर बसली.

"आज मी वाचते," सकवारबाई म्हणाल्या आणि तो गोंदणाचा अध्याय त्यांनी पहिल्यापासून सुरू केला.

दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नये, हे आलं तसे सगळे जयसिंगरावांकडे बघू लागले. चिकपेटेच्या बाजारातून आणलेला, सूत आणि टेरिलिन मिसळलेल्या टेरिकॉटचा कोरा सदरा त्यांच्या अंगावर होता.

"टेरिलिन हा धागा नव्हेच," ते म्हणाले. "ते रसायन आहे."

"सरी, बरं," असं कानडी वळणानं म्हणून बाईंनी पुढे वाचलं. दाढीच्या कडा कापू नयेत. जयसिंगरावांचा हात गुळगुळीत हनुवटीवर गेला. पाळकांना खोकला आला.

"अगं, ते जुन्या काळच्या लोकांसाठी होतं."

"आणि त्याच्या लगेच खालची गोंदणाची ओळ? तिनं हात सोलून घेतलाय, अहो."

जयसिंगरावांनी पहिल्यांदाच यल्लव्वाच्या हातावरचं फडकं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. बाई वाचतच होत्या. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं राहावं, असं आलं.

जयसिंगराव उठले. "यल्लव्वा, इथं खुर्चीवर बसा."

"नको सायबा."

"बसा हो. चुकलो मी."

बाप्तिस्म्याच्या दिवशी यल्लव्वा दाराशीच थांबली, तेव्हा जयसिंगरावच तिला हाताला धरून पाळकांपर्यंत घेऊन गेले.