बिजागरीतला हिरवा दोरा

मी एक जुनी जुळी बहीण आहे. दचकू नका मित्रांनो, हाडामांसाची नव्हे. पत्र्याची, तारांची आणि सोनेरी कागदाची! आम्हा दोघींना एकाच टेबलावर, त्याच हातांनी घडवलं. ताई अवकाशात झेपावली, ग्रहांच्याही पलीकडे गेली. तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. जमिनीवर राहिलेल्या माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पण माझं काम मोलाचं होतं. वर पाठवायची प्रत्येक आज्ञा आधी माझ्यावर करून बघायची, असा आमच्याकडचा नियम. म्हणजे काही मोडलंच, तर माझं मोडावं, ताईचं नाही.

या कामाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई फार कडक. कुणी माझ्यापुढे हात जोडले की म्हणायच्या, नवस दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून यायचे. त्यांच्या आईचं उलट. त्या दिवसभर विणकाम करायच्या आणि मध्येच आकाशाकडे बघून हात जोडायच्या. लेकीने पाठवलेलं यान तिथवर पोचतं, याचंच त्यांना केवढं नवल!

एकदा अँटेना धरणारा ताईचा हात भलतीकडेच वळला आणि तिचा आवाज बंद झाला; आमचं मात्र तिला अजून ऐकू जात असावं, एवढीच आशा. बॅटरी उतरत चालली होती. हात मिटून पुन्हा उघडायची आज्ञा तयार झाली. ती माझ्यावर करून पाहिली, तर माझा हात अर्ध्यातच अडकला. सगळ्यांचे चेहरे पडले. आज्ञाच चुकीची असेल, तर वर पाठवणार कशी? आणि नाही पाठवली, तर ताई कायमची गेली.

बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी माझा सोनेरी कागद उचलला. बिजागरीत हिरव्या लोकरीचा दोरा गुरफटला होता. त्यांच्या अंगातला स्वेटर त्याच लोकरीचा. आधीच ठरलेलं म्हणून आदल्याच दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना प्रयोगशाळा दाखवली होती; ताई हरवल्याचं आईंनाही तेव्हाच कळलं होतं.

त्यांनी घरी फोन लावला.

“आई, यानाला दोरा तू बांधलास?”

“मग कुणाला बांधू? तू थोडीच हरवली आहेस.”

“अगं, पण नेमका बिजागरीला?”

“मला काय माहीत, तुझ्या यानाचा खांदा कुठे आणि कोपर कुठे!”

दोरा सोडवला. माझा हात सरसर उघडला. आज्ञा वर गेली. ताईचं उत्तर यायला वेळ लागतो. बाईंनी फोन मात्र ठेवला नाही. पलीकडे आई पुटपुटत होत्या; अलीकडे बाई पडद्याकडे टक लावून होत्या, दोरा बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. मला तर दोघींचं वाट बघणं सारखंच वाटलं.

अखेर पडद्यावर एक बारीकशी रेघ उठली.

“बोलली गं,” बाई फोनवर एवढंच म्हणाल्या.

मग खाली बसून त्यांनी तो दोरा माझ्या पायाला बांधला. “इथे असू दे. इथलं काही हलत नाही.”

प्रयोगशाळेत जागा उरली नाही, म्हणून आता मी एका शाळेच्या जिन्याखाली उभी असते. कुणी माझा सोनेरी कागद ओरबाडतं, कुणी हाताला दप्तर अडकवतं. दोरा विटलाय, पण सुटलेला नाही. मित्रांनो, माझ्यापुढे हात जोडा नाहीतर मला प्रश्न विचारा, दोन्ही चालेल. फक्त आधी ते दप्तर तेवढं काढा. ताई अजून बोलते आहे. उद्या तिचं काही अडलं, तर माझा हात उघडायला हवा.